बडोद्यात विकाऊ घर, बाजार चालत्या अंतरावर

या ब्लॉगवर आजवर जे लिहिलं ते हौसेने फिरलेल्या गावांबद्दल. या वेळी आम्ही घर बघायला गेलो होतो आणि हात हलवत परत आलो. तेव्हा ज्यांना बडोद्याला जायचंय त्यांनी खाण्याची, राहण्याची, रिक्षांची माहिती उचलावी आणि बाकीचं खुशाल सोडून द्यावं. मला मात्र ते सोडता येत नाहीये, म्हणून लिहायला बसले.

श्रीरंगला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, काचबिंदू आहे. औषधं चालू आहेत, पण कडेची नजर हळूहळू जातेय आणि गेलेली परत येणार नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय. गाडी चालवणं गेल्या वर्षीच सुटलं. आम्ही राहतो पुण्याच्या पश्चिम टोकाला, नवव्या मजल्यावर. खाली उतरलं की पोडियम, म्हणजे पार्किंगच्या डोक्यावरचं फरशीचं अंगण, पोडियम संपला की हमरस्ता, आणि त्या हमरस्त्याला फूटपाथ नावाची चीज नाही. कोथिंबिरीची जुडी हवी तरी मोबाइलवरून मागवायची. तर एका संध्याकाळी तो म्हणाला, सगळं दिसेनासं व्हायच्या आत मला एखाद्या जुन्या गल्लीत राहायला जायचंय. तिथले रस्ते आत्ताच पाठ केले, तर पुढे दिसलं नाही तरी माझा मी जाऊन दूध आणू शकेन.

बडोदं का, तर लग्नाआधी तो मकरपुऱ्याच्या एका कारखान्यात नोकरीला होता. तरसालीला खोली घेऊन राहायचा आणि सुट्टीच्या दिवशी शहरात येऊन मांडवी ते सूरसागर पायी भटकायचा. शहर सपाट, सगळं हाकेच्या अंतरावर, मराठी बोलणारी माणसं सापडतात, आणि पुण्यातल्या पेठांचे भाव बघून आम्ही कधीच कानाला खडा लावला होता. एका साइटवर जाहिरात दिसली: दांडिया बझारमागे छोटं जुनं घर, ‘कॅरेक्टर’ असलेलं, बाजार चालत्या अंतरावर. घरालाही कॅरेक्टर असतं हे मला नवीन होतं. पण श्रीरंगने मोबाइल डोळ्यांच्या अगदी जवळ धरून ते फोटो इतक्या वेळा पाहिले की मी मुकाट्याने तिकिटं काढली.

पुण्याहून रात्रीची गाडी घ्या. सकाळी बडोद्यात उतरता, दिवस वाया जात नाही. स्टेशनसमोर सयाजीगंजात लॉज भरपूर आहेत. आम्हाला चौदाशेत स्वच्छ खोली मिळाली, फक्त खिडकी भिंतीकडे उघडत होती. जानेवारी संपत आला होता, उत्तरायण, म्हणजे तिकडची पतंगांची संक्रांत, होऊन गेलं होतं. झाडांवर, तारांवर फाटके पतंग लोंबत होते आणि मांज्याची टोकं तोंडासमोर येत होती. मी ती हाताने बाजूला करत श्रीरंगच्या पुढे चालत होते. त्याला ती दिसत नव्हती. नाश्त्याला सेव-उसळ खा, तर्री वेगळी मागून घ्या, दोघांचं दीडशेत भागतं. स्टेशनवरून दांडिया बझारला रिक्षावाला शंभर सांगेल, साठात येतो.

घराच्या मालकीण सरोजताई. वय सत्तरीच्या पुढे, शाळेत खेळ शिकवायच्या, नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. गल्लीत त्यांना सगळे सरोजबेन म्हणतात. घर दोन खणांचं, खाली बसायची खोली आणि स्वयंपाकघर, वर एक खोली आणि गच्ची. जिना लाकडी आणि इतका उभा की चढताना धरायला वरून दोर सोडलेला. दारापुढे ओटा. ताईंनी सगळं लख्ख ठेवलं होतं. छताच्या कड्यांना झोपाळा होता, त्यावर श्रीरंगला बसवून त्यांनी सरळ विचारलं, ‘‘तुम्हाला किती दिसतं?’’ मला ते खटकलं. तो मात्र मोकळेपणाने बोलू लागला आणि मला सांगितलं नव्हतं तेही त्याने सांगितलं. जिन्यात पाय चुकतो, संध्याकाळी माणसं एकदम अंगावर आल्यासारखी वाटतात, एकट्याने लिफ्टमध्ये जायची भीती वाटते. हे सगळं मी तिथे, परक्या घरात ऐकत होते.

ताई म्हणाल्या, घर काय, चार भिंती आहेत, पाच मिनिटांत बघून होईल. बाहेर चला, बाहेरचंच बघायचंय ने?

मग त्यांनी त्याला गल्ली शिकवली. मी त्या दोघांच्या मागून चालत होते. ताई शिट्टी न वाजवता शिट्टी वाजवल्यासारख्या चालतात. आधी त्यांनी त्याला एकदा उघड्या डोळ्यांनी नेलं आणि लगेच फिरून ओट्यापाशी आणलं. मग म्हणाल्या, ‘‘आता डोळे मिटा. माझा हात नाही धरायचा, मी बाजूला आहे. पहिली घंटी येईल.’’ घंटी म्हणजे तिकडे पिठाची गिरणी. तिची घरघर डाव्या कानाला आली की सरळ. पुढे इस्त्रीवाल्याच्या कोळशाची धग गालाला लागते, तिथून जरा भिंतीकडे सरकायचं, कारण समोरून स्कूटर येतात. खाऱ्या शिंगेच्या, म्हणजे खाऱ्या दाण्यांच्या, भट्टीचा वास आला की उजवीकडे. मग रस्ता किंचित उतरतो, आणि तोंडावर मोकळा वारा आला की समजायचं सूरसागर तलाव आला.

दुसऱ्या खेपेला तो शिंगेच्या भट्टीपाशी आपणहून वळला. तिसऱ्या खेपेला ताई बोलल्याच नाहीत, आणि तो तलावाच्या कठड्यापर्यंत पोचून उभा राहिला. डोळे मिटलेलेच होते. चेहरा असा खुलला होता की मला रडू आलं. कितीतरी दिवसांत मी त्याला कुठेतरी स्वतः पोचताना पाहिलं नव्हतं. मी मनात त्याच क्षणी घर घेऊन टाकलं.

परतताना वाटेत सगळे ताईंना हटकत होते. भाजीवालीने टोपलीतून न मागता आलं काढून दिलं. गिरणीवाल्याने गुजरातीत विचारलं, वेचाई गयुं घर? विकलं गेलं का, म्हणून. ताई ‘जोइए’ म्हणाल्या, बघू या, आणि चालण्याचा वेग वाढवला. त्यांचा सगळा दिवस त्या एवढ्याशा रस्त्यावर जातो हे मला कळत होतं. पण मी आमच्या घराच्या आनंदात होते.

दुसऱ्या दिवशी व्यवहाराचं बोलायला छाणीला गेलो, ताईंच्या मुलाकडे. छाणी शहराच्या उत्तरेला. रिक्षा करून गेलात तर परतीची ठरवूनच जा, नाहीतर आमच्यासारखे हायवेवर तिष्ठत राहाल. मुलगा चांगला होता, हे मुद्दाम लिहिते, कारण अशा गोष्टींत मुलाला नावं ठेवायची सगळ्यांना घाई असते. त्याने सांगितलं, आई त्या जिन्यावरून दोनदा पडली. दुसऱ्या वेळी दुपारभर तशीच पडून होती. तो विचारत होता की तिसऱ्यांदा पडली तर मला सांगणार कोण?

त्याने आईसाठी ठेवलेली खोली दाखवली. सातवा मजला, नवी गादी, बाथरूममध्ये धरायला दांडे, सगळं विचार करून केलेलं. श्रीरंग गॅलरीत गेला आणि खाली बघत राहिला. खाली पार्किंग, पलीकडे कंपाउंड, त्यापलीकडे ट्रक. त्याने विचारलं, इथे भाजी कुठे मिळते? मुलगा म्हणाला, खाली उतरायची गरजच नाही, मोबाइलवरून सगळं येतं. श्रीरंगने माझ्याकडे पाहिलं. आमचीच गॅलरी होती ती, फक्त दोन मजले खाली. रात्री थाळी खायला गेलो, तीनशेला एक, जेवण उत्तम होतं, आणि त्याने निम्मं ताटात टाकलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी ताईंकडे शब्द द्यायचा होता. त्यांनी जरीकाठी नेसली होती. मुलगा आला होता. झोपाळ्यावर वाटीत गोळधाणा ठेवलेला, गूळ आणि धणे. गुजरात्यांकडे साखरपुड्याला देतात तो, ताईंच्या घरात कोणताही पक्का शब्द द्यायचा असला की हाच. ताईंनी समजावून सांगितलं, ‘‘घर देणं म्हणजे आमच्यात मुलगी देण्यासारखंच. हा तोंडात घातला एटले झालं. मग मीही फिरत नाही, तुम्हीही नाही.’’ आणि आधी श्रीरंगच्या तळहातावर चिमूटभर ठेवला.

श्रीरंगने मूठ मिटली. मग म्हणाला, ‘‘ताई, मला नाही खाता येणार. मी तुमचा रस्ता घेऊन तुम्हाला माझ्या पोडियमवर पाठवतोय. कालपासून माझ्या डोक्यातून जात नाहीये.’’

मी त्याला स्वयंपाकघरात बोलावलं आणि जे तोंडाला येईल ते बोलले. त्यांना तर जायचंच आहे, म्हटलं. आज आपण नाही घेतलं तर उद्या दुसरा कोणी घेईल. तुझ्या चांगुलपणाने त्यांचा जिना सपाट होणार नाही आणि तुझे डोळेही परत येणार नाहीत. तो म्हणाला, ‘‘मग दुसऱ्याने घ्यावं. माझ्या हातून नको.’’ मला राग आला. खरं सांगायचं तर तो अजून गेलेला नाही. त्याचा चांगुलपणा मलाही नवव्या मजल्यावर निभावून न्यायचा आहे, हे तेव्हा त्याच्या ध्यानातही नव्हतं.

मला वाटलं होतं, ताईंना बरं वाटेल. निदान डोळ्यांत पाणी येईल. त्या उठल्या, वाटी आत नेऊन ठेवली आणि दारात उभ्या राहून त्याला म्हणाल्या, ‘‘एवढा रस्ता शिकवला तुम्हाला. आता तो मी कोणाला देऊ?’’

घर जायचंच होतं, हे त्यांनी आमच्याआधीच गिळलं होतं. ते निदान श्रीरंगच्या हाती जावं, त्यांच्या गल्लीचा त्याला उपयोग व्हावा, एवढंच त्यांना हवं होतं, आणि तेही आम्ही नाही म्हटलं. मुलगा आम्हाला गल्लीच्या तोंडापर्यंत सोडायला आला. गिरणी चालू होती. श्रीरंग भिंतीला हात लावून चालत होता.

गाडी रात्रीची होती, दिवस मोकळा. डभोईच्या किल्ल्याचे दरवाजे बघायचं ठरलं होतं, बसने तासाभरावर आहे, तुम्ही जरूर जा. आम्ही स्टेशनवर बाकावर बसून राहिलो. हिरवा चिवडा घेतला होता, तो पुण्यात येईपर्यंत उघडला नाही. श्रीरंगने खिशातून रुमाल काढला तेव्हा त्यात तो गोळधाणा बांधलेला दिसला. टाकवत नाही आणि खाववत नाही, म्हणाला. तो आता आमच्या मसाल्याच्या डब्यामागे एका डबीत आहे. गूळ पाझरून धण्यांचा गोळा झालाय.

होळीनंतर ताईंचा फोन आला. घर गेलं होतं. घेणाऱ्याने पुढची भिंत पाडून सगळंच उतरवलं, तिथे आता दुकानाचं बांधकाम चालू आहे. झोपाळ्याच्या कड्या तेवढ्या मुलाने काढून आणल्या. हे सगळं त्यांनी दोन वाक्यांत उरकलं आणि श्रीरंगला विचारलं, चालता ने रोज? तो म्हणाला, कुठे चालू, पोडियमवर? त्या म्हणाल्या, मीही गॅलरीतच चालते. उद्या संध्याकाळी फोन करा.

तेव्हापासून रोज दिवेलागणीला तो कानात इअरफोन घालून खाली जातो. मी विचारत नाही. गेल्या आठवड्यात वरण गार होत होतं म्हणून बोलवायला गेले. तो पोडियमच्या कठड्याकडेने चालत होता, डोळे मिटून, आणि मुलांच्या सायकली त्याला चुकवून जात होत्या. मध्येच तो जरासा भिंतीकडे सरकला. तिथे त्याच्यासमोर काहीच नव्हतं. मग थोडं पुढे जाऊन उजवीकडे वळला आणि फोनवर म्हणाला, हो, वास आला, आज शिंग जरा करपलीये. पलीकडून त्या हसल्या असाव्यात, कारण तोही हसला.

ते घर आता नाही, हे त्याला माहीत आहे, ताईंना माहीत आहे, मलाही माहीत आहे. मी हाक मारली, जेवायला चल म्हटलं. त्याने डोळे न उघडता हाताने मला थांबवलं.

‘‘दोन मिनिटं थांब,’’ तो म्हणाला. ‘‘आम्ही ओट्यापाशी आलोय. ताई कुलूप काढतायत.’’