पोटातलं पाणी

नागासे तोमोहारुच्या टॅक्सीत बसलं की पोटातलं पाणीसुद्धा हलत नाही, असं हियामा गावात लहानथोर सगळे म्हणत. हियामाचे लोक तोंडावर गोड बोलतात आणि पाठ वळली की सालं काढतात, पण नागासेबद्दल ते पाठीमागेही हेच बोलत. तेव्हा ते खरंच असणार.

विशीत टॅक्सी कंपनीत लागला तेव्हा त्याचा पहिला उस्ताद डॅशबोर्डवर काठोकाठ भरलेला चहाचा पेला ठेवायचा. थेंब सांडला की संध्याकाळी सगळ्या गाड्या धुवायच्या. पहिल्या वर्षी नागासेने इतक्या गाड्या धुतल्या की गावाला वाटलं, पोराला धुण्यासाठीच ठेवलंय. मग पाय शिकला. ब्रेकवर तो पाय असा ठेवायचा की मागे डुलकी घेणाऱ्याला सिग्नल आला कधी नि गेला कधी, पत्ता लागत नसे. बाळंतिणी, टाके घातलेले म्हातारे, मांडीवर केकचा डबा घेतलेल्या बायका कंपनीत फोन करून विचारत, "नागासे-सान मोकळे आहेत का? नसतील तर थांबतो आम्ही."

त्यातली सगळ्यात जुनी गिऱ्हाईक म्हणजे कुसुदा हात्सुए. तिचा खुबा दुखे. दवाखान्याची फेरी नागासेशिवाय कुणाबरोबर करायची नाही, हा तिचा हट्ट. उतरताना ती दरवेळी म्हणे, "डॉक्टर नुसत्या गोळ्या देतो हो. माझं खरं औषध म्हणजे तुमचा ब्रेक."

तीच हात्सुएबाई गेल्या हिवाळ्यात नागासेच्याच गाडीखाली आली.

दुपारची वेळ होती. मागच्या सीटवर डायलिसिस करून परतणारा माणूस झोपलेला. लाल टपालपेटीपाशी हात्सुएबाई रस्त्यात उतरली. नागासेला ती दिसली. पाय ब्रेकवर गेला. गाडी नेहमीसारखी अलगद, अगदी रेशमासारखी थांबत गेली आणि थांबता थांबता तिला धडकली. ती पडली ती पुन्हा उठली नाही. मागचा माणूस जागासुद्धा झाला नाही.

चौकशी झाली. म्हातारी एकदम पुढे आली, कुणालाही गाडी थांबवता आली नसती, असं ठरलं. गावानेही मान डोलावली. "हात्सुएबाईला पहिल्यापासूनच घाई," असं म्हणून लोक मोकळे झाले. आणि सातव्या दिवसाचे विधी उरकून तिचा नवरा, कुसुदा योहेई, मिठाईचा डबा घेऊन नागासेच्या दारात आला. जन्मभर सुतारकाम करून आधीच वाकलेला तो माणूस कमरेतून आणखी वाकला.

"आमच्या बायकोमुळे तुम्हाला फार त्रास झाला. पदरात घ्या."

नागासेला उभ्या जागी मेल्यासारखं झालं. तेव्हापासून योहेई जिथे भेटेल तिथे वाकायचा. भाजीच्या दुकानात, पोस्टात, पुलावर. नागासेने वाटा बदलल्या, पण एवढ्याशा गावात बदलून बदलणार किती? शेजारचे सांगत, म्हातारा रोज सकाळी बायकोच्या फोटोपुढे भात ठेवतो, घंटी वाजवतो आणि तिला झापतो, "इतकी कसली घाई होती गं तुला? लोकांना किती मनस्ताप!"

एक गोष्ट नागासेने कुणालाच सांगितली नव्हती. त्याचा पाय तळापर्यंत गेला नव्हता. चौकशीत पायाबद्दल कुणी विचारलंच नाही आणि त्यानेही सांगितलं नाही. उस्तादाचा पेला असता तर त्या दिवशीही थेंब सांडला नसता, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते एवढंच, की पाय पूर्ण रोवला असता तर गाडी थांबली असती का? नसती, तर नशिबापुढे इलाज नाही. मग तोही योहेईपुढे वाकून रडला असता आणि उरलेलं आयुष्य ढकललं असतं. पण असती तर? या 'तर'च्या पुढे त्याची झोप जायची.

नदीकाठच्या मोकळ्या रस्त्यावर त्याने एकदा करून पाहिलं. पाय ऐकेना. आपटायला जावं नि पाय आपोआप मऊ पडावा. जित्याची खोड म्हणतात ती हीच.

म्हणून वसंतात डोंगरावरच्या शर्यतीच्या सर्किटवर गाडी जोरात चालवायला शिकवणाऱ्या वर्गात त्याने नाव घातलं. तिथे पहिला धडा ब्रेकचा असतो, असं त्याला कळलं होतं.

"साठी आली नि रेसर व्हायचंय?" बायको, सुमिए, म्हणाली. "शेजारी काय म्हणतील?"

कंपनीचा मालक मात्र खूश झाला. नागासेने अपघातापासून एकही भाडं घेतलं नव्हतं, फोनवर बसून असायचा. "भीती मोडायला जाताय ना? मग तीच गाडी न्या. आणि परत येऊन कामाला लागा हो, गिऱ्हाइकं माझं डोकं खातात!"

जाण्याआधी एका पहाटे नागासेने सुमिएची कपडे वाळत घालायची निळी दोरी घेतली. अपघाताच्या दिवशी पाय ब्रेकला लागला तेव्हा चाकाखालून गटाराचं झाकण गेल्याचा आवाज झाला होता. त्या झाकणापासून टपालपेटीपर्यंत त्याने दोरी ताणली आणि तिथे कापली.

"अर्धी दोरी कुणी नेली?" सुमिए अंगणात करवादत होती. "अहो, चोरसुद्धा नेतो तर आख्खी नेतो!"

सर्किटवर बसक्या, गुरगुरणाऱ्या गाड्यांच्या रांगेत नागासेची टॅक्सी उभी राहिली. सीटवर पांढऱ्या जाळीची कव्हरं, टपावरच्या दिव्याला काळी पिशवी बांधलेली, हातांत पांढरे हातमोजे. शेजारच्या लाल गाडीचा मालक, ओनिझुका नावाचा जाडजूड न्हावी, हसून हसून बेजार झाला.

"काका, मीटर पाडलंत का? वळणावळणाला भाडं वाढेल हं!"

शिकवणारी बाई अकिझुकी. एके काळी स्वतः शर्यतीत पळायची. बुटकी, आवाज मात्र भोंग्यासारखा. सकाळी तिने सगळ्यांना एकामागे एक ट्रॅकवर सोडलं. एका वळणावर ओनिझुकाने बाजूला होऊन टॅक्सीला पुढे जाऊ दिलं आणि नागासेच्या हाताने जन्माची सवय पाळली. धोक्याचे दोन्ही दिवे दोनदा लुकलुकवून त्याने आभार मानले. रस्त्यावर हियामात काय, सगळ्या जपानात कुणी वाट दिली की हेच करतात. पण ट्रॅकवर त्या दिव्यांचा अर्थ 'माझी गाडी बिघडली' असा. मागच्यांनी धडाधड ब्रेक मारले, एकजण गवतात गेला, झेंडे हलले, सगळं थांबलं.

"कुणी सांगितलं होतं दिवे लावायला?" अकिझुकीबाई तरातरा आली.

"आभार मानले, सेन्सेई."

"इथे कुणी कुणाचे आभार मानत नाही! तुमच्या या सभ्यपणापायी माणूस मरेल एखादं!"

पोरं खी खी हसली. नागासेने तोंड फिरवलं. बाई बिचारी सहज बोलली होती, पण ते थेट जिथे लागायचं तिथेच लागलं.

मग ब्रेकचा धडा. ट्रॅकवर ठेवलेला प्लास्टिकचा शंकू आला की पाय पूर्ण आपटायचा. ओनिझुकाने पहिल्या झटक्यात जमवलं. नागासेची टॅक्सी दरवेळी शंकूपासून तरंगत लांब जाई.

"ब्रेकला विचारताय काय, 'येऊ का' म्हणून?" बाई ओरडली. "लाथ घाला, लाथ!"

पाय मऊच. शेवटी ती शेजारच्या सीटवर येऊन बसली. जरा आवाज उतरवून म्हणाली, "असं करा. शंकूपुढे कुणीतरी उभं आहे समजा. ओळखीचं माणूस."

नागासेने गाडी सोडली. शंकू आला. खुबा धरून, पिशवी सांभाळत ती उभी होती. त्याच्या घशातून कसलासा आवाज निघाला आणि पाय तळापर्यंत गेला. पायाखाली ब्रेक थडथडला, जाळीची कव्हरं घसरली, टपावरची पिशवी उडून गेली, पट्टा छातीत रुतला. गाडी जागच्या जागी खिळली.

"हा! हाच ब्रेक!" बाईने मांडीवर थाप मारली.

 जेवणाच्या सुट्टीत बाकीचे भाताचे गोळे खात बसले तेव्हा नागासे दोरी घेऊन बाईकडे गेला. "सेन्सेई, एकदा ही पसरू द्या. फक्त एकदा." त्याच्या तोंडाकडे बघून तिने का ते विचारलं नाही.

शंकूपासून त्याने दोरी सरळ अंथरली. दुसऱ्या टोकाशी आपली जवाच्या चहाची बाटली उभी केली. वेग त्या दिवशीचाच धरला. पाय आपटला. खाली उतरून पाहिलं. गाडी थांबली होती आणि तिच्या नाकापासून बाटलीपर्यंत कितीतरी दोरी तशीच पडून होती. एवढ्या जागेत म्हातारी सावकाश वळली असती, चार शब्द बोलली असती आणि लंगडत घरी गेली असती.

तो ती उरलेली दोरी पावलांनी मोजून आला. मग म्हणाला, "त्या दिवशी रस्ता ओला होता."

बाईने पाइपने पाणी मारून दिलं. गाडी थांबली. दोरी कमी उरली, पण उरली.

"मागे माणूस होता."

तोंडातला घास गिळत ओनिझुका मागे चढला. गाडी थांबली. ओनिझुकाचं नाक पुढच्या सीटवर आपटलं. "काका, या भाड्याला मी एक येन देणार नाही!"

"पुन्हा," नागासे म्हणाला.

पुन्हा थांबली. आणखी एकदा. गाडी दरवेळी थांबतच होती. रबराचा जळका वास सुटला. आता तो शंकूकडे येताना गाडीची मनधरणी करत होता, "जा ना. जा ना गं पुढे. एकदा तरी जा." बाटली जागची हलली नाही. ओनिझुकाचं हसणं केव्हाच थांबलं होतं, तो गपचूप उतरून बाजूला उभा राहिला.

"टायर गेले तुमचे, नागासे-सान. बास झालं," बाई म्हणाली.

"एक शेवटचा. माझ्या पद्धतीने."

ती शेजारी बसली. शंकू आला. त्याने आपला तो पाय ठेवला, जन्मभर ठेवला तसा. गाडी अलगद उतरत गेली, दोरी संपली, पुढच्या बंपरला टक् असा लहानसा आवाज झाला, बाटली आडवी झाली आणि मग गाडी थांबली.

अकिझुकीबाईला बाटलीचं काय ठाऊक? तिने मनापासून मान डोलावली. "वा! ट्रॅकवर कुचकामी, पण काय हात आहे! पोटातलं पाणीसुद्धा हललं नाही."

नागासेने स्टिअरिंगवर डोकं टेकलं आणि मोठमोठ्याने रडायला लागला.

घरी आला तेव्हा उन्हं उतरत होती. सुमिएला त्याने दारातच सगळं सांगितलं. तिने त्याची बाही धरली. "सांगू नका कुणाला. अहो, कुणाचं भलं होणार आहे त्यात? कंपनी काढून टाकेल, चौकशी परत उघडेल. आणि त्या म्हाताऱ्याला कशाला परत जखम?"

ती चुकीचं बोलत नव्हती. त्याने बाही सोडवून घेतली आणि दोरी खिशात घालून निघाला.

कुसुदा योहेईने दार सरकवलं. समोर नागासे दिसताच तो नेहमीप्रमाणे वाकायला लागला. "आमच्या बायकोमुळे..."

"वाकू नका!" नागासे एवढ्या जोराने ओरडला की म्हातारा अर्ध्यावरच थांबला. नागासेने गुडघे टेकले, निळी दोरी उंबऱ्यावर ठेवली आणि कपाळ जमिनीला लावलं. "गाडी थांबली असती. मी आज बघून आलो. ओल्यातसुद्धा थांबली असती. मी ब्रेक हळू दाबला. सवयीने. ती एकदम आली नव्हती, भरपूर जागा होती. मी मारलं तिला."

योहेई अर्धवट वाकलेलाच राहिला. दोरीकडे बघत राहिला. नागासे शिव्यांची वाट बघत होता. लाथ बसली असती तरी त्याला बरं वाटलं असतं.

"म्हणजे," म्हातारा म्हणाला, "तिने घाई केली नव्हती?"

"नाही."

योहेई हळूहळू सरळ झाला, जितकं त्याच्या पाठीला जमत होतं तितका. नागासेला त्याने 'आत या' म्हटलं नाही, 'जा' म्हटलं नाही, त्याच्याकडे पाहिलंही नाही. तो आत वळला. दार उघडंच होतं. फोटोपुढे बसताना त्याचे गुडघे वाजले, मग घंटी वाजली.

"हात्सुए," आतून आवाज आला, "अगं, तू नीटच चालली होतीस. आणि मी तुला रोज बोललो गं. रोज बोललो."