नावं पुकारायचं काम

आमच्या वेल्ह्याकडं लग्न लागतं पाच मिनिटांत, पण त्याआधी नावं पुकारण्यात पाऊण तास जातो. आजी-माजी सरपंच, सोसायटीचे चेअरमन, पोलीस पाटील, मुलीचे मामा, मुलाच्या आत्याचे यजमान. एकेकाचं नाव माइकवर घ्यायचं, त्यानं पुढं यायचं, फेटा आणि नारळ घेऊन फोटो काढायचा. कुणाचं नाव राहिलं तर तो न जेवता निघून जातो आणि चार वर्षं बोलत नाही. नाव खाली-वर झालं तरी तेच. त्यामुळं ही नावं पुकारणारा निवेदक फार मानाचा माणूस असतो.

मला ते काम हवं होतं. कित्येक वर्षं हवं होतं आणि मी घरात कुणाला सांगितलं नव्हतं, कारण सगळे हसले असते. मी ब्लाउज शिवते. शिवताना तोंड रिकामं असतं, तेव्हा मशीनवर बसून मी अख्ख्या तालुक्याचं हार्दिक स्वागत करायचे.

बोलायची सवय आमच्या वस्तीनंच लावली. आम्ही बौद्ध, आमची घरं गावाच्या खालच्या अंगाला. एप्रिलात आमच्याकडं जयंती असते आणि भाषणाची हौस आमच्यात लहानथोर सगळ्यांना. पाचवीतली पोरगीसुद्धा एकदा माइक धरला की सोडत नाही. लग्न होऊन आल्यापासून जयंतीचं निवेदन माझ्याकडंच आहे. पण वरच्या आळीत लग्न असलं की भोरहून एक निवृत्त गुरुजी यायचे. अंगात जाकीट, खिशाला दोन पेनं. "आपल्या उपस्थितीने हा सोहळा द्विगुणित झाला आहे" असं ते प्रत्येक लग्नात म्हणायचे आणि सगळे माना डोलवायचे.

एकदा धीर करून मी त्यांना विचारलं, मला शिकवाल का. माणूस वाईट नव्हता. आवाज चांगला आहे म्हणाले, पण आधी ते 'न्हाई' आणि 'व्हय' सोडा, गावंढळ वाटतं. दुसरी अडचण ते बोलले नाहीत. वरच्या आळीच्या मांडवात खालच्या वस्तीतल्या बाईच्या हातात माइक कोण देणार, हे मलाही कळत होतं. मला राग आला, आणि तो बरेच दिवस गेला नाही. पण पहिल्या अडचणीवर निदान इलाज होता, म्हणून मी घरात शुद्ध बोलायला लागले. नवऱ्याला म्हणायचे, भोजन तयार आहे, कृपया आसनस्थ व्हावे. त्यानं दोन दिवस ऐकून घेतलं आणि तिसऱ्या दिवशी विचारलं की तुला बरं नाही का.

गेल्या मे महिन्यात वरच्या आळीत एक लग्न होतं. भात निघून मोकळ्या पडलेल्या खाचरात मांडव घातला होता. नवरीचे ब्लाउज मी शिवले होते, म्हणून मला आमंत्रण होतं. गुरुजींनी नेमकी एकाच मुहूर्ताची दोन लग्नं घेतलेली, आणि ते अडकले आंबवड्याला. साउंडवाला आमच्या जयंतीलाही येतो. त्यानं नवरीच्या बापाला माझ्याकडं बोट दाखवून सांगितलं, ही बाई बोलते. बापानं माझ्याकडं पाहिलं. त्या बघण्याचा अर्थ मी लहानपणापासून ओळखते. मग त्यानं घड्याळाकडं पाहिलं आणि पत्रिकेच्या पाठीवर लिहिलेली यादी माझ्या हातात दिली. नुसती नावं वाच, पदरचं काही बोलू नको, असं बजावलं.

आवाज लागला. पहिली आठ-दहा नावं अशी झोकात गेली की मागं पान खात बसलेली मंडळीही वळून बघायला लागली. मी मनातून खूश झाले. पुढं यादीत नुसतंच लिहिलं होतं, सरपंच.

आमच्या सरपंच एक बाई आहेत. पण गावात सरपंच म्हणतात त्यांच्या नवऱ्याला. सभेला तो बसतो, बॅनरवर फोटो त्याचा, लग्नात फेटाही तोच घेतो. हे शेंबड्या पोराला ठाऊक आहे, मलाही होतं. पण जयंतीला आम्ही त्या बाईंनाच नाव घेऊन बोलावतो आणि त्या येतात. तीच सवय जिभेला होती. सरपंच म्हणून माझ्या तोंडून त्यांचं पूर्ण नाव गेलं.

सरपंचबाईंचा नवरा तोवर उठलासुद्धा होता. फेट्यासाठी टोपी काढून हातात धरलेली. नवरीचा बाप माइक घ्यायला माझ्याकडं निघाला. आता परत नवऱ्याचं नाव घ्यावं तर त्या बाईंचा भर मांडवात पाणउतारा होणार, आणि न घ्यावं तर मला पुन्हा कुणी माइक देणार नाही. गुरुजींकडं अशा वेळचं एखादं वाक्य नक्की असतं. माझं सगळं शुद्ध त्या क्षणी कुठं पळालं कोण जाणे. सरपंचबाई बायकांमध्ये अक्षता वाटत होत्या, आणि हातात परात घेऊन मला मानेनंच नको नको म्हणत होत्या.

"अवो ताई, या की वर," मी माइकवरच म्हणाले. "तुमालाच बोलावती मी. सरपंच तुमी हाय का न्हाई?"

आधी बायका हसल्या, मग सगळा मांडव, आणि नवरीचा बाप होता तिथंच थांबला. बाईंनी परात शेजारणीकडं दिली आणि त्या मधल्या वाटेनं चालत पुढं आल्या. आता फेटेवाला अडला. बाईमाणसाला फेटा बांधायचा कसा, आणि साडी-खण तर कुणी आणून ठेवलेला नाही.

"बांधा की," बाई म्हणाल्या. "डोकं हाय मला."

पदरावरून फेटा बांधला गेला. त्यांच्या नवऱ्याचंही कौतुक केलं पाहिजे. त्यानं टोपी पुन्हा डोक्यावर चढवली आणि आपली खुर्ची बायकोसाठी पुढं ओढली, जसं काही तो त्यासाठीच उठला होता. बाकीची यादी मी आमच्याच बोलीत वाचली. लग्न वेळेवर लागलं.

नवरीच्या बापानं मात्र माझ्या हातातून माइक काढून घेतला आणि तो निघून गेला. मी घरी येऊन थोडी रडले. संध्याकाळी गुरुजींचा भोरहून फोन आला. बातमी पोचली होती. 'हाय का न्हाई' म्हणालात म्हणे, असं विचारून बराच वेळ हसले. मग म्हणाले, मी असतो तर निमूट नवऱ्याचं नाव घेतलं असतं. ऐकून बरं वाटलं, पण काम गेलं असंच मी धरून चालले होते.

आठ-दहा दिवसांनी वरच्या आळीतल्या एका काकूंनी निरोप धाडला. दिवाळीनंतर त्यांच्या मुलीचं लग्न होतं, माइक माझ्याकडं द्यायचा होता, आणि यादी करायला घरी बोलावलं होतं. पंधरा वर्षं मी त्यांचे ब्लाउज शिवत होते, पण मापं घ्यायचे ती बाहेर पायरीपाशी. त्या दिवशी त्यांनी मला आत नेऊन बसवलं. मला फार आनंद झाला. त्या एकेक नाव सांगत गेल्या, दीर, भाऊ, व्याही, चेअरमन, आणि मी लिहीत गेले. पान भरत आलं तेव्हा त्या जरा थांबल्या.

"आन शेवटी माजंबी घाल," त्या म्हणाल्या.

मी पेन टेकवलं आणि तेव्हा कळलं, मला त्यांचं नावच माहीत नाही. माझ्या मापांच्या वहीत त्या नुसत्या 'काकू' होत्या. लाज वाटली, पण विचारलं. त्यांनी हळू आवाजात नाव सांगितलं आणि मी लिहीत असताना वाकून त्या अक्षरांकडं बघत राहिल्या.

मग म्हणाल्या, "शेवटी नगं. पयलं घाल."