कमी वेढ्यांचा आवाज

शकुकाकू गेल्याचा फोन आला तेव्हा मी कारध्याच्या पुलावर होतो. सकाळची शाळा, उशीर झालेला, तरी गाडी कठड्याशी लावून फोन घेतला. पलीकडे त्यांची सून ज्योती. "आई गेल्या जी मास्तर… झोपेतच. चहा घेऊन गेली तं उठल्याच नाही." खाली वैनगंगा नेहमीसारखीच वाहत होती. मी "येतो" एवढंच म्हणालो आणि शाळेत न जाता गाडी लाखनीच्या रस्त्याला लावली. आता महिना होऊन गेलाय. मोटार वाइंडिंग करणाऱ्या एका बाईवर लिहायला बसलो तर सुरुवात माझ्या गिटारपासूनच करावी लागते, त्याला इलाज नाही.

जिल्हा तुटून गोंदिया वेगळा झाला, त्यानंतर तीन-चार वर्षांनी मी लाखनीच्या एका शाळेत प्रयोगशाळा सहायक म्हणून लागलो. शिकवत नव्हतो, तरी गाव मला मास्तरच म्हणायचं. सुटीच्या दिवशी भंडाऱ्याच्या मंदाताईंच्या ऑर्केस्ट्रात बेस गिटार वाजवायचो. बेस म्हणजे चार जाड तारांची गिटार. तिचा आवाज गाण्याच्या तळाशी असतो, बहुतेकांना तो वेगळा ऐकूही येत नाही, आणि नेमकं हेच मला तेव्हा खुपायचं. माझी गिटार जुनी होती, आवाज मऊ आणि दबका. त्यात एक बारीक घुंई कायम असायची. नागपूरच्या एका दुकानदाराने सांगितलं, गिटार बदलू नका, पिकअप बदला. पिकअप म्हणजे तारांच्या खाली बसवलेली लहानशी पट्टी. आत लोहचुंबक आणि त्याभोवती केसाहून बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. वरची तार थरथरली की त्या वेढ्यांत वीज हलते, आणि तीच पुढे स्पीकरमधून आवाज होऊन बाहेर पडते. "हे जोरदार आहेत," म्हणून त्याने दोन पिकअप दिले. मी ते बसवले आणि वेडाच झालो. तारेला नुसतं बोट लावलं तरी खोलीच्या खिडक्या वाजायच्या.

पुढच्याच कार्यक्रमात मंदाताई दोन गाण्यांत सुरावरून घसरल्या. वीस वर्षं गाणारी बाई. स्टेजवरून उतरल्यावर त्या माझ्यावर ओरडल्या नाहीत, तेच जास्त लागलं. "मास्तर, तुमच्या गिटारीपायी मले माझाच सूर ऐकू येऊन नाही राहिला. हे ठीक होईपर्यंत तुम्ही नका येऊ." मी भांडलो. इतकी वर्षं मी कोणाला ऐकू येत नव्हतो तेव्हा चाललं, आता ऐकू येतो तर नको झालो, असं काहीबाही बोललो. त्या शांतपणे हार्मोनियम पेटीत ठेवत राहिल्या… पुढच्या कार्यक्रमाला त्यांनी साकोलीचा एक वादक बोलावला.

हायवेवर, ट्रक थांबतात त्या ओळीत, शकुकाकूंचं मोटार वाइंडिंगचं दुकान होतं. धानाच्या शेतावरचे जळालेले पंप तिथे नवी तार भरून घ्यायला यायचे. शाळेचा पंखा घेऊन मी एकदोनदा गेलो होतो, म्हणून तोंडओळख होती. काढून ठेवलेले जुने पिकअप आणि ती जोरदार गिटार घेऊन मी तिथे गेलो, ते खरं तर चिडूनच. निदान जुन्यांची घुंई तरी काढून मिळेल, एवढीच आशा. काकूंनी चष्मा पुसला, पिकअप हातात फिरवून पाहिला. "हे काय आनलं जी मास्तर? हे माझं काम नाही." मग मी सगळं सांगितलं, ऑर्केस्ट्रातून काढल्याचंही. त्या हसतील असं वाटलं होतं. हसल्या नाहीत. हातातला पाना खाली ठेवून म्हणाल्या, "घरी बसवलं तुमाले… बसा मंग."

का बसा म्हणाल्या, ते फार नंतर कळलं. यजमान गेल्यावर काकूंनी दुकान उघडं ठेवलं, तेव्हा लोक मोटारी त्यांच्या दारावरून पुढे, दुसऱ्या दुकानात न्यायचे. बाईच्या हातची मोटार कोण विहिरीत सोडणार? वाइंडिंग नवऱ्याच्या हयातीतही त्याच करत होत्या, हे कुणाला ठाऊक नव्हतं. सहा महिने त्या रिकाम्या टेबलापुढे रोज येऊन बसल्या. मग ऐन धान रोवण्याच्या दिवसांत एकाची त्या दुसऱ्या दुकानात भरलेली मोटार दोनदा जळाली, आणि तो नाइलाजाने काकूंकडे आला. त्यानंतर टेबल रिकामं राहिलं नाही.

त्यांनी मीटर लावून आधी जुना पिकअप मोजला, मग नवा. "याच्यात तार लय भरली आहे. वेढे वाढवले का जोर वाढते, पन बारीक गोष्टी दबून जातेत. आनि हे चुंबक एवढं जवळ आहे का वरच्या तारेले वढून राहिलं. ते मोकळी कशी हालन?" गाण्यातलं काही कळत नाही असं म्हणणाऱ्या बाईने माझ्या आवाजाचं दुखणं पाच मिनिटांत सांगितलं होतं. "तुमाले मोठा आवाज पायजे का साफ पायजे?" त्यांनी विचारलं. मी म्हणालो, दोन्ही. तेव्हा मात्र त्या खळखळून हसल्या. "मोटारवाले बी असंच म्हनतेत!"

जुन्या पिकअपचे चुंबक चांगले होते. त्यावरची तार काढून नवी भरायची ठरली. मोटारीची तार यासाठी फार जाड, म्हणून मी नागपूरहून बारीक तारेची रीळ आणली. पुढच्या रविवारी पाहतो तर काकूंनी टेबलावर चरखा मांडलेला. पवनीच्या विणकर घरातल्या त्या. लहानपणी बापाच्या मागासाठी आईसोबत कांड्या भरायच्या, तो चरखा त्यांनी सासरी आणला होता. मोठ्या चाकाचा एक फेरा झाला की चातीचे, म्हणजे सूत गुंडाळणाऱ्या बारीक दांडीचे, किती होतात, हे त्यांना पाठ होतं. चातीवर पिकअपची पट्टी बसवून त्या चाक फिरवू लागल्या. तार उजव्या हाताच्या दोन बोटांमधून सरकत होती. मला काम दिलं चिंचोक्यांचं, दर पन्नास फेऱ्यांना एक चिंचोका या वाटीतून त्या वाटीत. तीनदा तार तुटली. तिसऱ्यांदा मी चुकचुकलो, तर म्हणाल्या, "सूत बी तुटतेच जी. बोटानं वढलं का तुटते, बोटानं सोडलं का ढिलं पडते. मधात ठेवा लागते." दोन्ही पिकअप भरून झाल्यावर त्यांनी गंजात, म्हणजे लहान पातेल्यात, मेण वितळवून ते त्यात बुडवले, वेढे हलू नयेत म्हणून. आणि एकाचे वेढे मुद्दाम उलट्या दिशेने दिले, चुंबकही उलटा. दोघांची घुंई एकमेकीला खाऊन टाकेल, म्हणाल्या. तसंच झालं.

पण दुकानातच वाजवून पाहिलं तेव्हा मी खट्टू झालो होतो, हे कबूल करतो. आवाज लहान झाला होता. बाहेरून ट्रक गेला की ऐकूच येईना. काकू माझ्या तोंडाकडे पाहून म्हणाल्या, "एकट्यानं नका पाहू. गानारीसंगं पाहा." मी मंदाताईंच्या घरी जाऊन, एकदाच, म्हणून विनवलं. त्यांनी गायला सुरुवात केली आणि दुसऱ्या ओळीला डोळे मिटले. माझ्या प्रत्येक सुराला आता सुरुवात होती, शेवट होता, आणि मध्ये त्यांच्या गळ्याला जागा होती. गाणं संपल्यावर त्या म्हणाल्या, "रविवारी चार वाजता या." बस, तेवढंच. मी परत आलो होतो.

त्यानंतर गिटारवाल्यांत काकूंचं नाव झालं. कोणी नागपूरहून यायचं, कोणी बालाघाटकडून. धान भरात असलं की त्या सरळ परत पाठवायच्या, "आधी पानी, मंग गानं." माझं वाजवणं मात्र त्यांनी स्टेजवर कधी ऐकलं नव्हतं. शेवटी आमच्या शाळेच्या स्नेहसंमेलनात, दुपारच्या कार्यक्रमाला, मीच त्यांना पहिल्या रांगेत आणून बसवलं. नंतर विचारलं, कसं वाटलं? मग म्हणाल्या, "खरं सांगू? तुमचा आवाज मले वेगळा आलाच नाही. पन एका गान्यात तुमी मधातच थांबले ना, तवा पायाखालून काही सरकल्यावानी वाटलं." इतक्या वर्षांत माझ्या वाजवण्याबद्दल कोणी काही बोललं असेल तर ते एवढंच, आणि मला ते पुरलं.

मग माझी बदली भंडाऱ्याला झाली. जाणं कमी होत गेलं. काकूंच्या हाताला कंप सुटला. आधी डाव्या, मग उजव्या. मोटारी ज्योती भरू लागली, काकू खुर्चीत बसून सांगायच्या. शेवटचा भेटलो तेव्हा चहाची बशी दोन्ही हातांनी धरली होती, तरी चहा सांडत होता. मी नजर दुसरीकडे वळवली. "पाहा ना जी," त्या म्हणाल्या, "लाजून कायले राहिले? हात माझा आहे." मी गिटारीच्या एका पिकअपचा आवाज अलीकडे जातो-येतो म्हणून सांगितलं. तार जुनी झाली असेल. त्यांनी नुसतं हूं केलं… मला वाटलं, ऐकलं नसेल.

तेरवीला ज्योतीने मला आत बोलावलं आणि कापडात गुंडाळलेली एक पट्टी हातात ठेवली. "आईनं तुमच्यासाठी केलं. मी म्हनलं, मी भरून देतो. तं म्हने, नाही, मास्तरचं मीच करतो. दोन महिने लागले. कितीदा तुटलं त्याचा हिशोब नाही. सांगू नको म्हनाल्या, पुरं झालं तं मीच देईन." ती तार मी पाहत राहिलो. ज्या बोटांनी कधी एक वेढा दुसऱ्यावर चढू दिला नाही, त्यांचे वेढे इथे कुठेही गेले होते, तिरपे, एकमेकांवरून, जागोजागी पोकळ. तीन ठिकाणी डाख देऊन जोड दिलेला. आत कुठे तुटली असेल तर सगळंच व्यर्थ होतं. ज्योतीने मीटर आणून दिलं. लावायचा मला धीर होईना, शेवटी तिनेच लावलं. काटा हलला. तार पुरी होती.

मागच्या रविवारी तो पिकअप बसवून मंदाताईंकडे गेलो. आवाज थोडा हलका आहे, बोटाला जोर द्यावा लागतो. पण त्यात एक मोकळेपणा आहे, वरचे सूर अगदी उघडे लागतात. जाणकार म्हणतात, वेढे ओळीत नसले की मध्ये हवा राहते, म्हणून तसं होतं. असेल. मंदाताईंनी दोन गाणी म्हटली आणि थांबून माझ्याकडे पाहिलं. काकू गेल्याचं त्यांना ठाऊक होतं, पण या पिकअपचं मी काही सांगितलं नव्हतं.

"काय बदललं जी मास्तर?"

मी पिकअपवर बोट ठेवलं. त्यांच्या लक्षात आलं असावं. पदराने डोळे टिपून त्यांनी सूर धरला.

"असंच राहू द्या," त्या म्हणाल्या.