हळद लागलेली काडतुसं

सासरे गेले तेव्हा त्यांच्यामागे दोन गोष्टी उरल्या, दमा आणि रिव्हॉल्वर. दोन्ही माझ्या नवऱ्याकडे आल्या. दम्याला लायसन लागत नाही, म्हणून तो आधी आला.

सासरे गोंदियाच्या एका बिडी कारखानदाराकडे कामाला होते. तेंदूपत्त्याच्या हंगामात मजुरांचे पैसे घेऊन जंगलातल्या फडांवर जायचं, हे त्यांचं काम. पैशाच्या पिशवीसोबत बत्तीस बोरचं रिव्हॉल्वर असायचं. यांचं काम सरकारी फायलींचं. फायली लुटायला कोणी येत नाही. तरी वडिलांची वस्तू म्हणून यांनी लायसन आपल्या नावावर करून घेतलं, आणि ते रिव्हॉल्वर आमच्या कपाटात माझ्या शालूच्या मागे राहायला आलं.

मला ते घरात नको होतं. काढून टाका, असं मी दरवर्षी सांगायची. हे "हव", म्हणजे हो, म्हणायचे आणि मुदत संपत आली की लायसन नवं करून आणायचे. निवडणूक आली की लायसनची हत्यारं ठाण्यात जमा करावी लागतात. तेवढे दिवस घर मला घरासारखं वाटायचं. कोण निवडून येतं याच्याशी मला घेणंदेणं नव्हतं, फक्त निवडणुका वरचेवर व्हाव्यात असं वाटायचं.

नवं राज्य झालं आणि आम्ही भोपाळहून रायपूरला आलो. शंकर नगरात भाड्याचं घर घेतलं. यांचं ऑफिस जुन्या दवाखान्याच्या इमारतीत होतं. राजधानी घाईत झाली होती, त्यामुळे साहेबांच्या खोलीत भिंतीवर खाटांचे नंबर तसेच होते. साहेब तरुण होते आणि हौशी होते. हे त्यांच्या हाताखाली हेडक्लार्क, म्हणजे तिथल्या भाषेत बड़े बाबू. एकदा लायसनच्या कामासाठी यांनी अर्ध्या दिवसाची रजा मागितली आणि रजेचं कारण खरं लिहिलं. तिथेच माशी शिंकली.

साहेबांनी इंटरनेटवर वाचलं होतं की अमेरिकेत लोक रिव्हॉल्वरनं हरीण मारतात. त्यासाठी म्हणे गोळी नीट निवडावी लागते. वजन किती, टोक गोल की चपटं, नुसतं शिसं की वरून तांब्याचं कवच, यावर तिकडची माणसं पानंच्या पानं लिहितात. साहेबांनी ती पानं सरकारी कागदावर छापून यांच्या हातात दिली. म्हणाले, "बड़े बाबू, स्टडी करके बताइए कि हमारे चीतल के लिए कौन सी ठीक रहेगी।"

आपल्याकडे चितळ मारलं की जेल होते, हे त्या पानांत नव्हतं. यांना ते माहीत होतं आणि साहेबांनाही होतं. पण रिव्हॉल्वर यांच्या नावावर, गोळ्या यांच्या नावावर. हरीण मेलं असतं तर तेही यांच्याच नावावर मेलं असतं. रिटायर व्हायला थोडी वर्षं राहिली होती. नोकरी गेली असती, पेन्शन गेलं असतं, आणि हा दम्याचा माणूस जेलच्या फरशीवर झोपला असता. मी घाबरले होते. चांगलीच घाबरले होते.

"तुम्ही नाई म्हणून द्या ना," मी म्हटलं.

"साहेबाले नाई म्हणता येत नाई."

"मले येते. मी जाऊन सांगू का?"

"तू मधात पडू नको. मी पाहून राहिलो."

पाहून राहिलो म्हणजे काय, ते मला हळूहळू कळलं. यांनी हरणाचं प्रकरण ऑफिसच्या प्रकरणासारखं चालवलं. तीस वर्षांच्या नोकरीत यांनी कोणाला नाही म्हटलं नव्हतं, आणि कोणाचं काम वेळेवर केल्याचंही माझ्या ऐकिवात नव्हतं. आधी त्या पानांतलं गोळीचं वजन ग्रॅममध्ये करून घेण्यात एक पावसाळा गेला. मग यांनी साहेबांना विचारलं की तिथलं हरीण आणि आपलं चितळ यांचं वजन सारखं धरायचं की वेगळं. साहेबांनी पुन्हा छापून आणलं. मग हे रायपुरातल्या बंदुकीच्या दुकानात गेले आणि चपट्या टोकाची, पोकळ टोकाची, कवचाची, सगळ्या प्रकारच्या गोळ्या दाखवा म्हणाले. दुकानदारानं एकच डबी काढून समोर ठेवली. गोल टोकाची, शिशाची. "बड़े बाबू, यही आती है, यही जाती है।"

निवडायला एकच गोळी होती, तरी निवड आणखी वर्षभर चालली. नागपूरच्या दुकानाला विचारलं, मग जबलपूरच्या. उत्तर आलं की एक आठवडा ते उत्तर यांच्या खिशात मुरायचं, मग साहेबांपर्यंत पोचायचं. रात्रीच्या जेवणाला हे मला चितळाच्या खांद्याचं हाड किती जाड असतं ते सांगायचे. समोर वरणभात असायचा. मी म्हणायची, जेवा मुकाट्यानं.

शेवटी साहेबांचा धीर सुटला. तुमच्या घरी ज्या जुन्या गोळ्या पडल्या आहेत त्याच आणा, म्हणाले. दसऱ्यानंतरचा रविवार ठरला. जीप ठरली. साहेब एक बार काढणार होते आणि यांनी नुसतं सोबत उभं राहायचं होतं, लायसनसारखं.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी आमच्याकडे खंडेनवमीची पूजा असते. पाटावर विळी, सुरी, कात्री, यांचा स्क्रूड्रायव्हर आणि मधोमध ते रिव्हॉल्वर. शेजारी तांब्याच्या ताम्हनात काडतुसं. काडतुसांना आमच्याकडे देवासारखं न्हाऊ घालतात. पाणी, दूध, परत पाणी, मग हळद-कुंकू, आणि शेवटी तिळाचं तेल. रात्रभर ती तेलातच बसतात आणि दसऱ्याला पुसून डबीत जातात. सासरे गेल्यानंतरच्या पहिल्या नवमीला यांनीच मला ताम्हन आणि तेलाची वाटी आणून दिली होती आणि सगळं कसं करायचं ते सांगितलं होतं. तेव्हापासून दरवर्षी मी ते करत आले. त्या वर्षीही केलं. माझ्या डोळ्यांतलं पाणीसुद्धा त्या ताम्हनात पडलं असेल. मी गोळ्यांना हात जोडले आणि म्हटलं, बायांनो, यांच्या संसाराकडे पाहा.

रविवारी सकाळी हे खिडकीपाशी बसले आणि डबीतून सहा गोळ्या निवडू लागले. एकेक गोळी उजेडात धरायची, बूड पाहायचं, नखानं खरवडायचं, कानाजवळ हलवायची. एक ठेवायची, दुसरी उचलायची. जीप दारात हॉर्न देत होती. मला राग आला होता. ज्या माणसाला जेलची वाट धरायची आहे तो वाटेवरचे खडे निवडत बसला होता.

"कोणती घेता अन् काय फरक पडते?" मी शेवटी म्हटलं.

"पडते," हे म्हणाले. एका खिशात दम्याचा पंप घातला, दुसऱ्यात त्या सहा गोळ्या, पिशवीत रिव्हॉल्वर ठेवलं आणि गेले. मी नवस बोलून देवापुढे बसले. दिवसभर पाण्याचा घोट घेतला नाही.

जंगलात काय झालं ते मला यांच्याकडून थोडं आणि जीपच्या ड्रायव्हरकडून जास्त कळलं. नाल्यावर एक चितळ पाणी पीत होतं. साहेबांनी जीपच्या बॉनेटवर दोन्ही कोपर टेकले, त्या पानांत लिहिलं होतं तसे. घोडा ओढला. खट्. परत ओढला. खट्. तिसऱ्या आवाजाला चितळानं मान वर करून यांच्याकडे पाहिलं आणि पुन्हा पाणी प्यायला लागलं. सहाही गोळ्यांचं तेच झालं. तेवढ्यात यांना खोकल्याची उबळ आली. मग मात्र चितळ गेलं, तेही धावत नाही, चालत.

साहेबांनी गोळ्या तळहातावर काढल्या. बोटं पिवळी झाली. त्यांनी वास घेतला.

"ये हल्दी है?"

"जी. पूजा हुई थी।"

साहेबांनी पिवळी बोटं रुमालाला पुसली. मग म्हणाले, "बड़े बाबू, हिरन मारना था, ब्याहना नहीं था।"

साहेबांना राग आला होता, पण कागदावर आणता येईल असा तो राग नव्हता. सोमवारी त्यांनी काहीच विचारलं नाही, नंतरही नाही, आणि पुढे त्यांची बदली झाली. ड्रायव्हरनं मात्र ऑफिसभर सांगितलं. बरेच दिवस लोक यांना विचारत होते, बड़े बाबू, दुल्हन घर आली का. हे चिडले नाहीत. मला वाटलं, शरमेनं गप्प आहेत. मी देवाचे आभार मानले आणि नवस फेडला.

पुढच्या वर्षी दसऱ्याला माझी नणंद, यांची थोरली बहीण, गोंदियाहून आली. नवमीला मी पाट मांडला, ताम्हनात काडतुसं ठेवली आणि तेलाची वाटी उचलली, तर तिनं माझा हात धरला.

"वहिनी, हे काय करून राहिली?"

"न्हाऊ घालते."

"गोळ्याइले? तेलानं? अवं, बाबा आमाले डबीच्या वर नुसता टिळा लावू देत. आत हात लावला का मार बसे. तेलानं गोळी मरते."

मी यांच्याकडे पाहिलं. हे पेपर वाचत होते. पेपर हलला नाही, पण पानही उलटलं नाही. नणंद फुलं आणायला परसात गेली तशी मी वाटी खाली ठेवली.

"तुमाले माहीत होतं."

"हव."

"मंग मले त्या रविवारी उपाशी काहून बसवलं? सांगून द्याचं होतं ना, का गोळ्या मेल्या आहेत."

"खात्री कुठं होती? खात्री कराले बार काढा लागते." हे पेपरमागूनच बोलत होते. "म्हणून तर सकाळी निवडून घेतल्या. ज्याइच्या बुडाले हिरवा जंग चढला होता, त्याच घेतल्या."

दोन वर्षं चाललेली ती निवड, ती वजनं, ती टोकं, नागपूर, जबलपूर, आणि शेवटी खिडकीपाशी उजेडात धरलेली ती एकेक गोळी. या माणसानं निवडलं होतं, आणि नीट निवडलं होतं. मला रडू आलं आणि रागही आला, दोन्ही एकदमच.

"पण तेल तर तुम्ही बाबा गेल्यापासून घालाले लावलं. तेव्हा साहेब कुठं होता?"

पेपर खाली आला. "बाबाची वस्तू टाकून नाई देता येत. अन् चालणारी बंदूक मले घरात नको होती."

"मी एवढे वर्षं तेच तर म्हणून राहिली होती."

"मी हव म्हणत होतो ना," हे म्हणाले.

परसातून नणंदेची पावलं वाजली. यांनी पुन्हा पेपर वर केला. मी वाटी उचलली आणि होतं तेवढं सगळं तेल ताम्हनात ओतलं.