चौघांचा डाव

भाऊ गेल्याचा फोन ताईने नाही केला, संतोषने केला. सकाळी साडेनऊला मी हिरावाडीतल्या भाजीवाल्याशी मेथीच्या जुडीवरून हुज्जत घालत होतो. “सर, भाऊ गेले,” एवढंच तो बोलला आणि पुढे नुसता श्वास ऐकू येत राहिला... त्याने फोन ठेवला नाही. भाऊ म्हणजे मुरलीधर, माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, माझे दाजी. सातपूरच्या एका कारखान्यात चाळीस वर्षं लेथवर उभा राहिलेला माणूस. देवपूजेला बसले होते, बसल्या जागी कलंडले, आणि डॉक्टर येईपर्यंत सगळं आटोपलं होतं. आज त्याला सात आठवडे झाले. संतोष त्यांचा मुलगा नव्हे, नात्यातलाही नव्हे. कारखान्यात शेजारच्या मशीनवर काम करणारा, वयाने वीस वर्षांनी लहान. तरीही ताईने पहिला फोन सख्ख्या भावाला न करता त्याला केला. मला त्याचं वाईट वाटलं नाही. का वाटलं नाही, ते सांगायचं आहे.

आमचे वडील सटाण्याला शिक्षक होते. घरात पत्त्यांचा कॅट सापडला की तो थेट चुलीत जायचा. अशा घरात दाजी ताईला बघायला आले. वणीजवळच्या खेड्यातले, आयटीआय झालेले, नव्या शर्टात अवघडून बसलेले. वडिलांनी ठरलेला प्रश्न विचारला, व्यसन वगैरे काही? दाजी म्हणाले, “तंबाखू नाय, दारू नाय. पत्ते खेळतो. पैसे लावून नाय, पण रोज खेळतो.” मध्यस्थाने कपाळाला हात लावला. वडिलांनी होकार द्यायला आठ दिवस घेतले, तोही आईने भरीला घातलं म्हणून. जो माणूस हे आपणहून सांगतो तो बाकीचं काय लपवणार, असं तिचं म्हणणं पडलं. मी तेव्हा पंधरा वर्षांचा होतो आणि आपली बहीण जुगाऱ्याच्या घरात चालली, या समजुतीत पुढची दोन वर्षं दाजींशी तुटक वागलो. त्यांनी ते कधी मनावर घेतलं नाही. उलट दर दिवाळीला मला विचारायचे, “काय गुरुजी, एखादा हात बसणार का?”

ते ज्याला ‘रोज खेळतो’ म्हणाले, तो खेळ कंपनीच्या बसमध्ये चालायचा. पंचवटी ते सातपूर, जाताना पाऊण तास, येताना पाऊण तास. बसच्या शेवटच्या बाकावर चौघांनी गुडघ्यांवर डब्याची पिशवी आडवी ठेवायची आणि मेंढीकोट मांडायचा. दोघं-दोघं भिडू, चार दहाच्या पानांसाठी, म्हणजे मेंढ्यांसाठी, भांडायचं. दाजी उत्तम खेळायचे. कुणी कोणतं पान टाकलं हे शेवटपर्यंत त्यांच्या डोक्यात पक्कं असायचं. पण लोक त्यांचे भिडू व्हायला धडपडायचे ते यासाठी नव्हे. भिडूने घाण केली, हातची मेंढी घालवली, तरी हा माणूस त्याला एक शब्द बोलायचा नाही. मी एकदा त्या बसने गेलो होतो. पाऊण तासात मी कारखान्यातल्या निम्म्या भानगडी ऐकल्या, कुणाच्या मुलीचं लग्न ठरतंय, कुणाचा फोरमनशी वाद झालाय. पत्ते निमित्त होते, हे मला त्या दिवशी कळलं, आणि मी अर्थातच ते कबूल केलं नाही.

मग सगळ्यांच्या हातात मोठे फोन आले. जिकडेतिकडे रमीच्या जाहिराती सुरू झाल्या, आपल्या लाडक्या चेहऱ्यांनी हसत हसत सांगितलेल्या, शेवटी ‘जबाबदारीने खेळा’ हे वाक्य कुणाला कळू नये इतक्या घाईत म्हटलेलं. संतोषने एका सकाळी बसमध्ये दाजींपुढे फोन धरला. कायदेशीर आहे भाऊ, म्हणाला, कोर्टाने कौशल्याचा खेळ म्हटलंय, सरकार कर घेतं. दाजींनी चष्मा वर करून पाहिलं. नियम तेच, पानं तीच. तेरा पानं समोर मांडलेली पाहिल्यावर त्यांच्यातला खेळाडू गप्प बसेना. त्यांनी संतोषला सांगितलं हे टाक, ते उचल, आणि सातपूरचा गेट यायच्या आत डाव जिंकून दिला. सगळ्या बसने टाळ्या वाजवल्या. दाजी घरी येऊन ताईला कौतुकाने सांगत होते, मीही ऐकलं, आणि मला, पत्त्यांच्या जन्मजात वैऱ्याला, त्यात काही गैर वाटलं नाही. परवानगी असलेल्या गोष्टीची आपण फार चौकशी करत नाही.

वर्षभरात बस गप्प झाली. चाळीस माणसं, चाळीस खाली घातलेल्या माना. मेंढीकोटाला चौथा मिळेना. दाजी निवृत्त झाले तेव्हा शेवटच्या दिवशी ते खिडकीतून बाहेर बघत घरी आले. पुढे सहा-आठ महिन्यांनी एका दुपारी संतोषची बायको वैशाली ताईकडे आली. तिने आधी मोटारसायकलचं सांगितलं. संतोषने ती विकली होती आणि डॉक्टरांनी चालायला सांगितलंय असं घरी ठोकून दिलं होतं. मग म्हणाली, तो न्हाणीघरात तास-तास असतो, मुलीने हाक मारली तरी अंगावर धावून जातो, ओव्हरटाइम म्हणतो आणि पगार मात्र पाच तारखेलाच संपतो. हे सगळं ती शांतपणे बोलली. शेवटी दाजींकडे बघून म्हणाली, “ते म्हणतात, मला भाऊंनी शिकवलंय, मी हरूच शकत नाही.” दाजी उठून गॅलरीत गेले. बराच वेळ आत आले नाहीत.

त्यानंतर त्यांनी जे ठरवलं, त्यावरून आमचं कडाक्याचं भांडण झालं. संतोष पहिल्या पाळीहून सुटला की त्याला रोज चार वाजता घरी बोलवायचं आणि त्याच्याशी पत्ते खेळायचे! मी म्हणालो, तुमचं डोकं ठिकाणावर आहे का? ज्याने त्याचं वाटोळं झालं तेच त्याच्या हातात देणार? दाजी म्हणाले, “त्याला पत्ते नाय लागले रे. त्याला एकटं बसायचं लागलंय. तिथं कुणाकडून हरला, कुणाचं ओरबाडलं, काय दिसतंय का? समोरच्याचं तोंड दिसलं पाहिजे.” मग म्हणाले, “चौथा तू बस.” असा मी वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी मेंढीकोट शिकलो. संतोष दाजींचा भिडू, मी ताईचा. फोन सगळ्यांनी ताईच्या पोळ्यांच्या डब्यात ठेवायचे. पहिले कित्येक दिवस संतोषचा हात खिशाकडे जायचा, पाय हलत राहायचा, खेळ फारच सावकाश आहे म्हणून तो वैतागायचा. वैशालीला बोलावलं तर ती दारातूनच परत जायची. तिला त्या पानांचा रंगही बघवत नव्हता.

सगळं सरळ झालं असं मी लिहिलं तर ते खोटं होईल. चार महिन्यांनी संतोष यायचा बंद झाला, आणि लेकीचा अभ्यासाचा टॅब विकला गेल्याचं वैशालीकडून कळलं. मी मनातून हात झटकले. दाजींनी टोपी घातली आणि पंचवटीहून शहर बसने सातपूरला जायला लागले. भर मे महिन्यात, रोज तीनला कारखान्याच्या गेटसमोर उभे. संतोष दुसऱ्या फाटकाने निघून जायचा. दाजी पाच वाजेपर्यंत थांबून परत यायचे. रखवालदाराने त्यांना स्टूल दिलं, त्यांनी ते सावलीत सरकवलं आणि उभेच राहिले. अकराव्या दिवशी संतोष समोरून आला. दोघं बसमध्ये बसले आणि थेट ताईकडे आले. ताईने चहा टाकला, मी कॅट काढला. मी दाजींना त्या दिवशी पहिल्यांदा मनातल्या मनात नमस्कार केला.

त्या वर्षीच्या खंडेनवमीला कारखान्याने जुन्या कामगारांना पूजेला बोलावलं होतं. यंत्रांना झेंडूच्या माळा, धुतलेली फरशी, पेढ्यांची खोकी. साहेबांनी दाजींना दोन शब्द बोलायला सांगितलं. लोकांना वाटलं, जुन्या आठवणी निघतील. दाजी म्हणाले, “तुमच्यातल्या एका पोराच्या फोनवरचा पहिला डाव मी खेळलो. जिंकलो. सगळ्या बसनं टाळ्या वाजवल्या. मी तेव्हाच हरलो असतो तर बरं झालं असतं.” पुढे ते म्हणाले, पूर्वी मटक्याच्या अड्ड्यावर जाणारा माणूस निदान इकडेतिकडे बघून आत शिरायचा. त्या लाजेने कितीतरी जण दारातून मागे फिरले. ती लाज सरकारने कागद देऊन काढून घेतली, आता मागे कशाने फिरायचं? काही तरुण हसले. साहेबांनी घड्याळ बघितलं. पण पेढे वाटले जात असताना तिघे-चौघे एकेक करून दाजींजवळ येऊन उभे राहिले, आणि त्यातला एक रडला, असं संतोषने मला सांगितलं. अख्ख्या कारखान्यासमोर स्वतःची चूक सांगायला लागणारं काळीज माझ्याकडे नाही. मी शाळेत आयुष्यभर नीतीचे धडे शिकवले, दाजींनी एकच दिला.

मध्यंतरी पैशाच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आल्याच्या बातम्या झाल्या. संतोष म्हणतो, दुसऱ्या नावाने मेसेज येतातच, आणि बोनसही देऊ करतात. आमच्या चौकातली सरकारमान्य लॉटरीची टपरी तर सकाळी देवळाआधी उघडते. मला त्याचा राग येतो, लिहितानाही येतोय. दाजींना राग आलेला मी पाहिला नाही. ते त्या टपरीपाशी ओळखीचं कुणी दिसलं की थांबायचे आणि म्हणायचे, चार वाजता रिकामा आहेस का?

तेरावं झालं, पाहुणे पांगले. दुसऱ्या दिवशी चार वाजता मी ताईकडे होतो, नुसताच. दार वाजलं. संतोष होता, आणि त्याच्या मागे वैशाली. ताईने फडताळातून कॅट काढून चटईवर ठेवला आणि आम्ही तिघं आपापल्या जागी बसलो. संतोषच्या समोरची जागा मोकळी होती... त्याची नजर तिथून हलेना, आणि मला एकदम भीती वाटली की हा आता उठून जाईल आणि परत येणार नाही. तेवढ्यात वैशालीने पदर खोचला आणि ती त्याच्यासमोर येऊन बसली. पानं हातात कशी धरायची हेही तिला ठाऊक नव्हतं. ताईने तिला हुकूम म्हणजे काय ते सांगितलं. तिने पहिल्याच डावात दोन मेंढ्या घालवल्या, दोन संतोषला राखता आल्या नाहीत, आणि मी व ताईने चारही मेंढ्या घेऊन त्या दोघांवर चक्क कोट केला. वैशालीने चटईवरच्या पानांकडे बघितलं, मग नवऱ्याकडे.

“हरलं की काय द्यावं लागतं?” तिने विचारलं.

“काही नाही,” संतोष म्हणाला. “हरला त्याने पिसायचे.” आणि त्याने सगळी पानं गोळा करून तिच्या हातात दिली.