मागच्या बायांना ऐकू जाऊ द्या

डांबरगोळ्यांचा वास आला की रेणापूरच्या घरातली ती खोली आठवते. भिंतींना ट्रंकेतल्या गोधड्या टांगून मी तिथं स्टुडिओ केला होता. एकट्या मावशीलाच पाठ असलेली जुनी भीमगीतं मला रेकॉर्ड करायची होती. तिच्या नुसत्या बोलण्याच्या आवाजावरून मी मिक्सरमधून रेकॉर्डरला जाणारा आवाज बेताचा लावला. पण ती गायला लागताच रेकॉर्डरचे दिवे लाल झाले, आवाज फाटला. "जरा हळू म्हण की." "हळू म्हणलं तर मागच्या बायांना कसं ऐकू यील रं?" जन्मभर बिनमाईकचं गायलेली ती! मी गपचूप मिक्सरवरचा आवाज खाली घेतला आणि ती तशीच मोठ्यानं गायली, समोरच्या गोधडीपलीकडं बघत. दिवे हिरवेच राहिले. आता कुणीही गायला आलं की मी आधी म्हणतो, "मागच्या बायांना ऐकू जाऊ द्या," आणि मगच आवाजाच्या बटनाला हात लावतो.