धुऱ्यावर विचारलेला प्रश्न

बिरसी गावात नूतनला लहानपणी काही लोक ‘सरकारी पोरगी’ म्हणत. बाल कल्याण समितीच्या आदेशावरून ती नऊ वर्षांची असताना भैयाजी आणि रुख्माबाई यांच्या घरी राहायला आली, एवढाच काय तो सरकारचा संबंध. रुख्माबाईंना मूल नव्हतं, तीन एकर धानाची शेती होती आणि जीभ धारदार होती. हापशीवर कुणी तो शब्द काढला की त्या शांतपणे म्हणत, “सरकारी हाये ना? मंग दुरूनच बोल. सरकारी मालाले हात लावला तं गुन्हा होते.” पुढे तो शब्द आपोआप बंद पडला.

आज नूतन बावीस वर्षांची आहे. गोंदियात एका ऑनलाइन सेंटरमध्ये ती लोकांचे अर्ज भरून देते. कोणत्या दाखल्याला कोणता कागद लागतो, हे तिला तोंडपाठ आहे. पण जिल्ह्याच्या बाल संरक्षणाच्या कचेरीत तिला ओळखतात ते वेगळ्याच कामासाठी. बालगृहात किंवा दुसऱ्याच्या घरी वाढलेल्या आणि आता अठरा वर्षं ओलांडलेल्या मुलामुलींचा एक गट तिथल्या मॅडमनी दोन वर्षांपूर्वी जमवला. गटात अकरा जण. त्यांचं काम म्हणजे आज दुसऱ्यांच्या घरी वाढणाऱ्या लहान मुलांना महिन्यातून एकदा भेटायचं आणि दर तीन महिन्यांच्या बैठकीत त्यांच्या वतीनं बोलायचं. गेल्या वर्षी गटाचा प्रमुख निवडायची वेळ आली तेव्हा दहा हात नूतनसाठी वर गेले. अकरावा तिचा स्वतःचा होता, तो खालीच राहिला.

तिला निवडण्याचं एक कारण होतं. पहिल्याच सभेत तिनं आपल्या आधीच्या घराची गोष्ट सांगितली होती. भैयाजींकडे येण्यापूर्वी ती चौदा महिने दुसऱ्या एका घरी होती. तपासणीला साहेब आले की तिला चांगला फ्रॉक घालायचे, केसांना तेल लावायचे, प्लास्टिकच्या खुर्चीवर बसवायचे आणि त्या घरची बाई दारात उभी राहायची. साहेब विचारायचे, कशी आहेस? ती म्हणायची, बरं आहे. साहेब चहा घेऊन जायचे. ते जेवढ्या वेळा आले तेवढ्या वेळा ती हेच बोलली, आणि एकदाही खरं बोलली नाही.

म्हणून तिनं गटाला एक रीत घालून दिली. मुलाला घरात बसून काही विचारायचं नाही. त्याच्याबरोबर बाहेर निघायचं, शेताच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, चालायचं, त्याच्या हाताला काहीतरी काम असू द्यायचं आणि मग बोलायचं. ही अक्कल तिला कुठल्या पुस्तकातून आली नव्हती. रोवण्याच्या दिवसांत बायका चिखलात ओणव्या होऊन, मागे मागे सरकत धानाची रोपं लावतात. कुणी कुणाच्या तोंडाकडे पाहत नाही, आणि गावातलं खरं काय ते त्या ओळीतच बोललं जातं. रुख्माबाईंच्या शेजारी वाकून नूतननं ते अनेक वर्षं ऐकलं होतं.

रीत चांगली होती. ती मोडली खुद्द नूतननंच, यंदाच्या ऑगस्टमध्ये, एका शनिवारी.

गोंदियाजवळच्या नागऱ्याच्या पुढच्या एका गावात शालीकराम आणि धनवंताबाई यांच्या घरी आचल नावाची अकरा वर्षांची मुलगी दीड वर्षापासून राहत होती. तिला त्याच घरी ठेवायचं की दुसरीकडे हलवायचं, याचा निर्णय सोमवारच्या बैठकीत व्हायचा होता, आणि त्यात नूतनच्या कागदाला वजन होतं. नूतन पोचली तेव्हा दुपार टळत आली होती, आणि परतीचा ऑटो अर्ध्या तासात सुटणार होता. म्हणून ती घरातच बसली.

जेवणं नुकतीच आटोपली होती. धनवंताबाई आपल्या मुलीची, नवऱ्याची आणि स्वतःची थाळी घासायला घेऊन गेल्या. आचलची थाळी मात्र त्यांनी उचलली नाही. आचलनं ती स्वतः घासली, पुसली आणि इतर भांड्यांत न ठेवता कोपऱ्यातल्या पत्र्याच्या पेटीवर वेगळी ठेवली. नूतननं विचारलं, कशी आहेस? आचल म्हणाली, “बरं हाये.”

तो शब्द नूतनच्या ओळखीचा होता. ऑटोत बसल्या बसल्या तिनं भेटीच्या नमुन्याच्या कागदावर लिहिलं: मुलीची थाळी वेगळी ठेवली जाते. मुलगी मोकळेपणानं बोलत नाही. दुसऱ्या घराचा विचार व्हावा.

घरी येऊन तिनं सगळं रुख्माबाईंना सांगितलं. बोलता बोलता तिचा आवाज चढला. धनवंताबाई किती गोड बोलत होत्या, चहात साखर किती जास्त होती, हेही तिनं दोषांच्या यादीत घातलं. रुख्माबाई सूप हातात घेऊन तांदूळ पाखडत होत्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं,

“हे तुले पोरीनं सांगितलं का थाळीनं?”

नूतन म्हणाली, “पोरगी ‘बरं हाये’ म्हणते माय. मीही तसंच म्हणत होती.”

“मंग? माह्या घरी आल्यावरही तू ‘बरं हाये’च म्हणत होतीस. तवा का खोटं बोलून राहिली होतीस?”

भैयाजी ओसरीवर बसून हसले, आणि दोघींनी वळून पाहिल्यावर खोकल्याचं सोंग करू लागले.

रविवारी सकाळी नूतन पुन्हा त्या गावी गेली. धनवंताबाई रोवण्यावर होत्या. आचल त्यांच्यासाठी चहाची किटली आणि मुरमुऱ्यांचं गाठोडं घेऊन निघाली होती. नूतननं गाठोडं घेतलं, किटली आचलकडेच राहू दिली आणि दोघी धुऱ्यावरून एकामागे एक चालू लागल्या. धुरा निसरडा होता, त्यामुळे दोघींचं लक्ष पायांकडे होतं. नूतन मागून म्हणाली, “तुझी थाळी वेगळी काऊन ठेवतेस वो?”

“माही कुठं हाये ते? नीलेशची हाये.”

नीलेश तिचा मोठा भाऊ, चौदा वर्षांचा. तो गोंदियाच्या मुलांच्या बालगृहात होता. आचल सांगू लागली आणि किटली हिंदकळणार नाही अशा बेतानं सांगत राहिली. आई होती तेव्हा तिनं मंडईतल्या, म्हणजे दिवाळीनंतरच्या जत्रेतल्या, भांड्यांच्या दुकानातून दोघांसाठी दोन थाळ्या घेतल्या होत्या आणि दुकानदाराकडून त्यांवर नावं कोरून घेतली होती. दोघांची ताटातूट झाली त्या दिवशी त्यांनी थाळ्या बदलल्या. आचलची तो घेऊन गेला, त्याची हिनं आणली. तो तिकडे तिच्या थाळीत जेवतो, ती इकडे त्याच्या. ती थाळी दुसऱ्या कुणी घासलेली तिला चालत नाही. धनवंतामायनं सुरुवातीला दोनदा उचलली होती, तेव्हा आचल रडली. तेव्हापासून माय त्या थाळीला हात लावत नाही.

“आन तुले इथं कसं वाटते?”

“बरं हाये म्हटलं ना काल,” आचल वैतागून म्हणाली. थोडं पुढे गेल्यावर तिनं मागे न वळता विचारलं, “ताई, नीलेशले भेटून सात महिने झाले. ते कुठं सांगा लागते?”

नूतन शेतात पोचली तेव्हा बायकांनी तिला पाहून टोमणा मारलाच, की गोंदियाच्या मॅडम चिखलाले भेत असतील. नूतननं सलवार वर खोचली आणि ओळीत उतरली. धनवंताबाईंच्या शेजारी तासभर रोवताना तिनं कालच्या कागदाची गोष्ट त्यांना सांगून टाकली. धनवंताबाईंचे हात क्षणभर थांबले. मग रोप चिखलात खोचत त्या म्हणाल्या, “मले विचारतीस तं सांगितलं असतं. पण बरं झालं, तिलेच विचारलं.”

सोमवारच्या बैठकीत नूतनची पाळी तिसरी होती. शनिवारचा आणि रविवारी नव्यानं लिहिलेला, असे दोन्ही कागद तिनं टेबलावर ठेवले. पहिला फाडून टाकणं सोपं होतं, तसं तिच्या मनातही येऊन गेलं होतं. पण त्या एका ओळीवर आचल दुसऱ्या गावी गेली असती, आणि तशी ओळ उद्या आणखी कुणी लिहू शकतं, हे तिला सांगायचं होतं.

“शनिवारी मी जे लिहिलं ते चुकलं,” ती म्हणाली. “मी मुलीला विचारलंच नव्हतं. माझ्या मनाला विचारलं होतं.”

समितीतले एक वयस्क गृहस्थ हसून म्हणाले, प्रमुखच चुकल्या तर बाकीच्यांचं काय व्हायचं?

“म्हणूनच म्हणते सर, प्रश्न घराबाहेर विचारायचा हे भेटीच्या नमुन्यातच छापा. घाई मलाही होते, तुम्हालाही होईल.”

यावर सगळेच हसले, ते गृहस्थसुद्धा. त्यानंतर नूतननं आचलचं खरं मागणं मांडलं: ज्या भावंडांना वेगळं ठेवलं आहे त्यांची महिन्यातून एकदा, ठरलेल्या दिवशी भेट व्हावी. त्यावर बराच खल झाला. वाहन कोणाचं, सोबत कोण, शाळा बुडेल का. नूतनकडे अशा नऊ भावंडांची यादी, गावांची नावं आणि बसच्या वेळा तयार होत्या. सोबत जायला गटातले कोण कोण तयार आहेत, तेही तिनं लिहून आणलं होतं. शेवटी भेटी सुरू करायचं ठरलं. नमुन्यात ‘भेट कोठे झाली’ असा एक नवा रकानाही आला. आचल आहे त्याच घरी राहिली.

दिवाळीनंतर त्या गावची मंडई भरली. मंडईला गावात नाटक असतं आणि घरोघरी पाहुणे येतात, तसा शालीकरामांच्या घरी नीलेश आला, एका पिशवीत कपडे आणि थाळी घेऊन. धनवंताबाईंनी नूतनलाही जेवायला बोलावलं होतं. भावंडं शेजारी बसली. नीलेशनं आपली थाळी मागून घेतली आणि आचलला तिची दिली. पावणेदोन वर्षांनंतर दोघं आपापल्या नावाच्या थाळीत जेवले, वडे संपेपर्यंत भांडले, आणि धनवंताबाईंनी दोघांनाही सारखंच रागावलं.

जेवणं झाल्यावर आचलनं दोन्ही थाळ्या धनवंताबाईंपुढे ठेवल्या. त्या तिच्या तोंडाकडे पाहत राहिल्या.

“घास ना माय,” आचल म्हणाली. “मले नाटकाले जाचं हाये.”

संध्याकाळी नीलेश निघाला तेव्हा पेटीवर त्याच्याच नावाची थाळी होती, आणि त्याच्या पिशवीत आचलची. भावंडांच्या भेटीलाही तोच नमुना होता; पुढची भेट डिसेंबरच्या दुसऱ्या रविवारी, असं नूतननं तिथंच उभ्या उभ्या त्यात भरलं. ‘भेट कोठे झाली’ या रकान्यात तिनं लिहिलं: घरी.